विश्लेषण : मेलबर्नमध्ये बरोबरीचे गोल, मग वाटा वेगळ्या का? आघाडीपटू नेव्हिल डिसूझा यांची गोष्ट

कळंब (वसई) : १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील फुटबॉल स्पर्धेत सर्वाधिक गोल कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचे दिमितर मिलानोव आणि भारताचे नेव्हिल डिसूझा अशी तीन नावे या यादीत बरोबरीने आहेत. तिघांचे गोल प्रत्येकी ४. यापैकी वेसेलिनोविच हे सर्बियातील नोवी साद शहराचे. पुढे ते इटली आणि ऑस्ट्रियातील क्लबांकडून खेळले, प्रशिक्षक म्हणून तुर्कस्तानात लीग जिंकले आणि आपल्या देशाच्या संघाचे प्रशिक्षकही झाले. डिसूझा मात्र मुंबईला परतले आणि कंपनीच्या संघातून खेळत राहिले. ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकाच स्पर्धेत, एकमेकांसमोर खेळून, तेवढेच गोल केलेल्या दोन आघाडीपटूंच्या वाटा इतक्या वेगळ्या कशा झाल्या? याचा हा आढावा.

नेव्हिल डिसूझा कोण होते?

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगाव येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे डिसूझा १९५६ मध्ये भारताची जर्सी घालून ऑलिम्पिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारताच्या नकाशात नव्हते. गोवा मुक्तीच्या प्रश्नावरून भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध त्या काळात पुरते बिघडले होते.

गोव्याहून मुंबईला येणे ही तेव्हाच्या गोवेकरांसाठी नवी गोष्ट नव्हती. नोकरी, शिक्षण, जहाजावरचे काम, बँडमधले वादन अशा कारणांनी हजारो गोवेकर मुंबईत येत. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत त्यांच्या गावांच्या नावाने चालणारे ‘कूड’ असत. एकटा आलेला माणूस तिथे स्वस्तात राहू शके. या मंडळींनी मुंबईच्या फुटबॉल आणि हॉकी मैदानांना अनेक खेळाडू दिले. डिसूझा याच परंपरेतले. त्यांचे धाकटे बंधू डेरेक हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते आणि त्यांनीही भारताचे प्रतिनिधित्व केले.

नेव्हिल यांची जागा आघाडीच्या फळीत मध्यभागी होती. गोलसमोर योग्य क्षणी पोहोचणे आणि मिळालेली संधी न दवडणे ही त्या जागेची मुख्य मागणी. ती त्यांनी जगातील सर्वांत मोठ्या क्रीडा स्पर्धेत पूर्ण करून दाखवली.

त्या काळचे मुंबई फुटबॉल कसे होते?

आज मुंबई म्हटले की क्रिकेट डोळ्यासमोर येते. पण १९५० च्या दशकात कूपरेज मैदानावरील फुटबॉललाही मोठा प्रेक्षकवर्ग होता. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक ही देशातील प्रमुख स्पर्धांपैकी एक होती. कोलकात्याचे मोहन बागान, मोहम्मडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल आणि हैदराबाद सिटी पोलीस हे बलाढ्य संघ त्यासाठी मुंबईत येत. हैदराबाद पोलिसांनी तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक नेला. स्थानिक पातळीवर १९०२ पासून हारवूड लीग चालत होती.

या लीगमध्ये कंपन्यांचे संघ महत्त्वाचे होते. क्रिकेटमधील टाइम्स शिल्ड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पद्धत चटकन समजेल. कंपनी चांगल्या खेळाडूला नोकरीवर घेई. त्याला पगार मिळे तो कर्मचारी म्हणून, खेळाडू म्हणून नव्हे. सरावासाठी आणि सामन्यांसाठी सवलत मिळे. खेळणे संपले तरी नोकरी टिके. मध्यमवर्गीय घरातील मुलाला ही सुरक्षितता मोठी वाटणे स्वाभाविक होते. डिसूझा आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि नंतर कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळले.

राज्यांच्या संतोष करंडक स्पर्धेतही मुंबईचा दबदबा वाढत होता. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईने हा करंडक पहिल्यांदा जिंकला. म्हणजे डिसूझा ज्या शहरातून राष्ट्रीय संघात गेले, तिथे फुटबॉल हा दुय्यम खेळ नव्हता.

मेलबर्नपूर्वी भारताची स्थिती काय होती?

ती समजून घेण्यासाठी चार वर्षे मागे, हेलसिंकीला जावे लागेल. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताची गाठ पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाशी पडली. भारताचा १-१० असा पराभव झाला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळत. १९४८ मध्ये लंडनला फ्रान्सविरुद्ध ही पद्धत जवळपास यशस्वी ठरली होती. तो सामना भारताने १-२ असा थोडक्यात गमावला. हेलसिंकीच्या थंड, ओल्या मैदानावर मात्र तिचा निभाव लागला नाही. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

या पराभवानंतर संघाची बांधणी केली ती हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी. ते मूळचे शिक्षक. खेळाडूंनी एकमेकांकडे झटपट पास देत पुढे जावे, यावर त्यांचा भर होता. त्या काळात हंगेरीच्या संघाने एक नवी पद्धत रूढ केली होती. मधला एक आघाडीपटू मुद्दाम मागे येतो, त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू ओढला जातो आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा आघाडीपटू घुसतो. रहीम यांनी ही कल्पना भारतीय संघात आणली. मेलबर्नच्या संघात कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी मागे राहून खेळ रचत, पी. के. बॅनर्जी उजव्या बाजूने धावत, तर गोलसमोरच्या जागेत डिसूझा असत.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेमके काय घडले?

मेलबर्नमध्ये भारताचा पहिला सामना हंगेरीशी होता. पण हंगेरीने फुटबॉल स्पर्धेतून माघार घेतली. त्या देशातील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता. भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया आला. सामना १ डिसेंबर १९५६ रोजी झाला. डिसूझा तेव्हा २४ वर्षांचे होते.

नवव्या मिनिटाला डिसूझा यांनी पहिला गोल केला. १७ व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला डिसूझा यांचा दुसरा गोल झाला, पण मध्यंतराला चार मिनिटे असताना मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. दोन्ही संघांकडून एकेकच खेळाडू गोल करत होता. ५० व्या मिनिटाला डिसूझा यांनी तिसरा गोल करून हॅट्ट्रिक पूर्ण केली. ८० व्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू म्हणून डिसूझा यांची नोंद झाली. उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई संघ ठरला. हा विजय नशिबाचा होता का, असे कोणाला वाटले असेल, तर त्याचे उत्तर ११ दिवसांत मिळाले. १२ डिसेंबरला सिडनी येथे दोन्ही संघांत मैत्रीपूर्ण सामना झाला आणि भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले. भारताच्या सर्वांत मोठ्या विजयांत हा निकाल आजही मोजला जातो.

युगोस्लाव्हियाविरुद्धचा सामना महत्त्वाचा का?

उपांत्य सामना ४ डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट मैदानावर झाला. समोर तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी १० गोल केले होते. १९४८ आणि १९५२ अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये या संघाने रौप्यपदक मिळवले होते. मेलबर्नमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी अमेरिकेला ९-१ असे नमवले होते आणि त्यात वेसेलिनोविच यांची हॅट्ट्रिक होती. म्हणजे दोन्ही बाजूंचे मुख्य आघाडीपटू आपापली हॅट्ट्रिक करून या सामन्यात उतरले होते.

पूर्वार्धात गोल झाला नाही. ५२ व्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा आणि तो केला डिसूझा यांनी. हेलसिंकीचा निकाल आठवणाऱ्या कोणालाही तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसला नसता. मात्र आघाडी दोनच मिनिटे टिकली. ५४ व्या मिनिटाला झ्लात्को पापेच यांनी बरोबरी केली, ५७ व्या मिनिटाला वेसेलिनोविच यांनी गोल केला, ६५ व्या मिनिटाला पापेच यांनी आणखी एक. ७८ व्या मिनिटाला सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला. भारत १-४ असा हरला.

आकडे नीट मांडले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे चार वर्षांत नऊ गोलांचे अंतर तीनवर आले आणि काही क्षण तर भारत पुढे होता. दुसरी म्हणजे आघाडी मिळाल्यानंतरच्या १३ मिनिटांत भारताने तीन गोल स्वीकारले. गोल करू शकणारा खेळाडू आपल्याकडे होता. मिळालेली आघाडी बलाढ्य संघाविरुद्ध सांभाळण्याचा सराव मात्र नव्हता. असा सराव वर्षातून एकदोन मोठ्या स्पर्धा खेळून होत नाही. त्यासाठी तोडीच्या संघांशी आठवड्यामागून आठवडे खेळावे लागते.

कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील ही भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर तर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरलेला नाही.

वेसेलिनोविच यांचे पुढे काय झाले?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मेलबर्नमध्ये वेसेलिनोविच व्यावसायिक आणि डिसूझा हौशी, असा सरळ हिशेब नव्हता. ऑलिम्पिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता आणि कागदोपत्री दोघेही हौशीच होते. पण समाजवादी देशांत क्लबांचा खर्च सरकारी यंत्रणा उचलत असे. तिथल्या खेळाडूचे मुख्य काम फुटबॉल खेळणे हेच असे. शिवाय युगोस्लाव्हियात देशभरातील क्लबांची नियमित राष्ट्रीय लीग होती.

वेसेलिनोविच नोवी सादच्या वोयवोदिना क्लबचे खेळाडू. १९५५-५६ पासून सलग तीन हंगाम ते युगोस्लाव्ह लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत अव्वल होते. १९५४ आणि १९५८ च्या विश्वचषकांसाठी त्यांची निवड झाली. १९५८ मध्ये स्वीडनला त्यांनी फ्रान्सविरुद्ध दोन गोल केले आणि युगोस्लाव्हियाने तो सामना ३-२ असा जिंकला. देशासाठी ३७ सामन्यांत २८ गोल, असा त्यांचा हिशेब आहे.

युगोस्लाव्हिया आपल्या खेळाडूंना तरुणपणी बाहेर सोडत नसे. त्यासाठी वयाची अट असे आणि बराच काळ ही अट २८ वर्षांची होती. वेसेलिनोविच तिशी गाठल्यावर इटलीच्या सांपदोरिया क्लबमध्ये गेले, नंतर ऑस्ट्रियाच्या फर्स्ट व्हिएन्नाकडून खेळले. निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून त्यांनी तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबला १९८४-८५ आणि १९८८-८९ मध्ये लीग जिंकून दिली. १९८४ च्या युरो स्पर्धेत ते युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक होते. २०१७ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे एकट्यादुकट्याचे उदाहरण नाही. मेलबर्नच्या युगोस्लाव्ह संघातील गोलरक्षक पेटार राडेंकोविच पुढे पश्चिम जर्मनीत गेले आणि म्युनिकच्या १८६० क्लबला त्यांनी १९६६ मध्ये लीग जिंकून देण्यात वाटा उचलला. सर्बियन खेळाडूंनी परदेशी लीगमध्ये खेळण्याची जी परंपरा आज दिसते, तिची सुरुवात या पिढ्यांपासून झाली. आधी घरची लीग, मग राष्ट्रीय संघ, मग परदेशी करार असा तो जिना होता.

डिसूझा परदेशी क्लबकडे का गेले नाहीत?

भारतात या जिन्याच्या पायऱ्याच बांधलेल्या नव्हत्या. पहिले कारण लीगचे. भारतात क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ मध्ये. मेलबर्ननंतर बरोबर ४० वर्षांनी. डिसूझा यांच्या काळात शहरांच्या लीग होत्या आणि त्याखेरीज रोव्हर्स, ड्युरँड, आयएफए शिल्ड अशा बाद फेरीच्या स्पर्धा. पहिल्याच सामन्यात हरलात तर स्पर्धा संपली. परदेशी क्लबने खेळाडूचा वर्षभराचा खेळ पाहायचा म्हटले, तर पाहण्यासारखे काही सलग नव्हतेच.

दुसरे कारण हौशीपणाच्या नियमाचे. करार करून पैसे घेतले की ऑलिम्पिकचे दार बंद. भारतासाठी तेव्हा ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धा याच सर्वोच्च होत्या. विश्वचषकात आपण खेळत नव्हतो. म्हणजे परदेशी करार करणाऱ्या खेळाडूला देशाची जर्सी सोडण्याची तयारी ठेवावी लागली असती.

तिसरे कारण नोकरीचे. कंपनीतील कायम नोकरी सोडून, अनोळखी देशात, एका दुखापतीवर अवलंबून असलेला करार करायचा ही उडी मोठी होती. चौथे कारण म्हणजे खेळ लोकांना दिसतच नव्हता. मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मेलबर्नमधील गोल मुंबईकरांपर्यंत वर्तमानपत्रातून पोहोचले. युरोपातील क्लबांना भारतीय लीगमधले खेळाडू पाहण्याची सोय नव्हती.

याआधी कोणी प्रयत्न केला नव्हता असे नाही. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने अनवाणी खेळले होते. दोन्ही सामने सेल्टिकने मोठ्या फरकाने जिंकले. पण सलीम यांना घरची ओढ लागली आणि ते परतले. त्यांच्यामागे दुसरा कोणी पाठवावा, अशी यंत्रणा उभी राहिली नाही. एखाद्या खेळाडूची वैयक्तिक गुणवत्ता दार किलकिले करू शकते. ते उघडे ठेवण्याचे काम मात्र क्लब आणि संघटनांचे असते.

मायदेशी परतल्यावर काय झाले?

डिसूझा मुंबईत खेळत राहिले. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. कोलकाता आणि हैदराबादच्या संघांची मक्तेदारी असलेल्या या चषकावर मुंबईतील तेल कंपनीच्या संघाने नाव कोरले, हे त्या काळच्या कूपरेजसाठी मोठे यश होते.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पी. के. बॅनर्जी आणि पीटर थंगराज हे मेलबर्नचे सहकारी त्या संघात होते, डिसूझा नव्हते. जून १९६३ मध्ये रहीम यांचे कर्करोगाने निधन झाले. भारतीय फुटबॉलचा तो काळ तिथेच ओसरू लागला.

डिसूझा यांचे १७ मार्च १९८० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. वय अवघे ४७. वेसेलिनोविच यांच्या हातून फेनरबाचेने लीग जिंकली ती यानंतर पाच वर्षांनी. ज्या वयात एक आघाडीपटू आपला अनुभव पुढच्या पिढीला देत होता, त्या वयात दुसऱ्याचे आयुष्य संपले होते.

त्यांची पुरेशी दखल घेतली गेली का?

नाही, असेच म्हणावे लागेल. याला एक कारण वेळेचे. त्याच मेलबर्नमध्ये भारताच्या हॉकी संघाने ६ डिसेंबरला पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकले. दुसऱ्याच दिवशी फुटबॉल संघ कांस्यपदकाचा सामना हरला. सुवर्णाच्या बातमीपुढे चौथा क्रमांक झाकोळला जाणे अपरिहार्य होते. ऑलिम्पिकमध्ये चौथ्या क्रमांकाला पदक नसते आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याला तेव्हा वेगळा बूटही दिला जात नव्हता.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. फुटबॉलमधील पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. डिसूझा यांचे नाव त्या यादीत नाही. त्यांच्या ऐन बहराच्या काळात हा पुरस्कारच नव्हता आणि तो आला तेव्हा निवड समित्यांचे लक्ष पुढच्या पिढीकडे गेले होते. २०२४ मध्ये आलेल्या, रहीम यांच्या आयुष्यावरील ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्या संघाची नावे तरुण प्रेक्षकांपर्यंत थोडीफार पोहोचली.

मुंबईच्या फुटबॉलचे काय झाले, हाही या विस्मरणाचा भाग आहे. कॅल्टेक्सचे भारतातील काम १९७० च्या दशकात सरकारने ताब्यात घेतले आणि ते हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाले. रोव्हर्स चषक २००० नंतर बंद पडला. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा तगडा कंपनी संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. आठवण जपणाऱ्या संस्थाच राहिल्या नाहीत, तर खेळाडूची आठवण कोण जपणार?

आज वसईच्या किनाऱ्यावरील मुलासाठी काय बदलले?

नालासोपारा पश्चिमेकडील कळंब, राजोडी, निर्मळ या पट्ट्यात फुटबॉल ही नवी गोष्ट नाही. ओहोटीला मोकळ्या झालेल्या वाळूवर, शाळेच्या पटांगणावर, चर्चच्या मैदानावर चेंडू फिरत असतो. गोव्याप्रमाणे वसईनेही पोर्तुगीज राजवट पाहिली. इथली ती १७३९ मध्ये संपली. पण गावाच्या संघाचा अभिमान दोन्हीकडे सारखाच. चांगला खेळणाऱ्या मुलाच्या घरी आजही तोच प्रश्न पडतो, जो डिसूझा यांच्या पिढीसमोर होता. खेळावर पोट भरेल का आणि बाहेर जाता येईल का?

काही पायऱ्या आता बांधल्या गेल्या आहेत. राष्ट्रीय लीग आहे, खेळाडूला खेळण्याचाच पगार मिळतो आणि प्रत्येक सामन्याचे चित्रण उपलब्ध असते. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेले. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीकडे. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून युरोपा लीगमध्ये खेळले. पण ही नावे बोटांवर मोजावीत इतकीच आहेत.

परदेशाची स्वप्ने दाखवणारे दलालही वाढले आहेत. त्यामुळे पालकांनी काही नियम लक्षात ठेवावेत. १८ वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातील क्लबमध्ये नोंदवण्यास ‘फिफा’ची सर्वसाधारणपणे मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यामुळे १५-१६ वर्षांच्या मुलाला पैसे भरा, युरोपात करार मिळवून देतो असे कोणी सांगत असेल तर सावध व्हावे. खेळाडूंचे व्यवहार करणाऱ्या एजंटकडे ‘फिफा’चा परवाना लागतो. तो आहे का, हे आधी तपासावे. आणखी एक नियम स्थानिक क्लबांच्या फायद्याचा आहे. करार सुरू असताना खेळाडू मोबदला देऊन दुसऱ्या देशातील क्लबमध्ये गेला, तर त्या रकमेच्या ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. अट एकच, त्या वर्षांची अधिकृत नोंदणी हवी. गावच्या क्लबने नोंदणीची वही नीट ठेवली नाही, तर हा हक्क हातचा जातो.

तरीही मुख्य अडचण तीच आहे. विरार लोकलने चर्चगेटला उतरून कूपरेजपर्यंत चालत जाता येते, पण रोज सरावासाठी तेवढा प्रवास करून शाळा सांभाळणे कोणत्याही मुलाला कठीणच. घराजवळ वर्षभर चालणारी वयोगटाची लीग, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि दिवे असलेले मैदान या तीन गोष्टी जिथे आहेत, तिथून खेळाडू निघतात. नोवी सादने हे ७० वर्षांपूर्वी केले होते.

डिसूझा यांच्या बाजूने त्यांचे काम पूर्ण झाले होते. संधी मिळालेल्या स्पर्धेत त्यांनी युरोपातील सर्वोत्तम आघाडीपटूंइतकेच गोल केले आणि ती नोंद आजही तशीच आहे. त्या चार गोलांना पुढचा रस्ता देणे ज्यांच्या हाती होते, त्यांचे काम राहून गेले. ते आज तरी पुरे होते आहे का, हे कूपरेजवर कळेलच. पण त्याआधी ते कळंब-निर्मळच्या मैदानांवर दिसायला हवे.